चार ठिपक्यांत एक रंग

मावशी आली ती तयारीनिशी. चष्मे दोन, एक लांबचा, एक जवळचा. पिशवीत हिरवं कापड, लाल आणि हिरवी रिळं, सुया. "चल, दाखव तुझ्या आईचे हात," म्हणाली आणि थेट माझ्या खुर्चीत बसली. माझी खुर्ची मी कुणाला देत नाही, पण मावशीपुढे कुणाचं काय चालतं!

आमच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत मी चित्रपटांचे रंग जुळवते आणि धाकटा भाऊ फाइली सांभाळतो. कुठली जपून ठेवायची, कुठली लहान करून पाठवायची, सगळं त्याच्याकडे. चांगला बाप्या झालाय, पण घरात अजून बाळ्याच. काम त्याला मीच शिकवलं.

आई भरतकाम करायची. तिचा एक टाका तिच्यामागे कुणालाच येत नाही. पानाच्या शिरेत ती लाल आणि हिरवा धागा एकमेकांवरून घ्यायची. दोन्ही सारखेच गडद, त्यामुळे कुठला वरून गेला आणि कुठला खालून हे ओळखायचं ते फक्त रंगावरून. मावशी सख्खी बहीण, पण तिलाही शिकवला नाही. "आधी तुझा साखळीटाका सुधार," म्हणायची. ती आजारी पडण्याआधी मी एक चांगला कॅमेरा उसना आणला आणि तिचे हात अगदी जवळून, रंगाचा कणही न गाळता टिपून ठेवले. भरलेलं कापड पुढे कपाटात पाणी शिरून कुजलं. उरलं ते एवढं चित्रण. त्यावरून टाका उचलायचाच, असं मावशीने मनावर घेतलं होतं. तिची बोटं आता थरथरतात. आत्ता जमलं तर जमलं.

मागच्याच आठवड्यात मी बाळ्याला विचारलं होतं, "आईची मूळ फाइल आहे ना जागेवर?"

"आहे गं ताई. आईशप्पथ."

फाइल लावली. आईची बोटं पडद्यावर आली तशी मावशीने आधी डोळे पुसले, मग जवळचा चष्मा चढवला. मी चित्र पानाच्या शिरेपर्यंत मोठं केलं.

"टाका कुठाय गं?"

"हा काय, समोर."

"ही तर नुसती तपकिरी रेघ आहे."

"नीट बघ ना मावशी," मी खेकसले. राग माझ्या नाकावरच असतो. मग मी स्वतः नीट पाहिलं. धागे दिसत होते, त्यांची वीणही दिसत होती, पण लाल कुठला आणि हिरवा कुठला ते कळत नव्हतं. दोन्ही एकमेकांत कालवल्यासारखे. आणि जिथे लाल सुटा होता, आईच्या रिळावर, तिथे तो नारिंगीकडे झुकला होता. नारिंगी धागा आईने जन्मात घरात येऊ दिला नाही.

शंका आली की मी चित्रातला उजेड-अंधार काढून टाकते आणि उरलेला नुसता रंग पाहते. तसं केलं. रंग चौकोना-चौकोनात पडला होता.

त्याचं असं आहे. माणसाच्या डोळ्याला उजेड बारीक दिसतो, रंग ढोबळ. म्हणून व्हिडिओ लहान करताना उजेड ठिपक्या-ठिपक्याचा ठेवतात आणि रंग चार ठिपक्यांत मिळून एक. चार भावंडांत एक पांघरूण, तसं. लग्नाच्या व्हिडिओला चालतं, बातम्यांना चालतं. केसाएवढ्या दोन धाग्यांना चालत नाही.

पण फाइलीच्या माहितीत तर पूर्ण रंग असल्याचं लिहिलेलं होतं! म्हणजे आधी लहान केली, मूळ पुसली, आणि लहान केलेलीच पुन्हा फुगवून त्याच नावाने जागेवर ठेवली. घाईत त्यात जुन्या टीव्हीचं रंग मोजण्याचं गणित लागलं, म्हणून लाल नारिंगीकडे झुकला. फाइल आपोआप अशी होत नाही. कुणीतरी बसून करावी लागते.

बाहेरच्या खोलीत बाळ्या कानाला हेडफोन लावून बसला होता. मी तो ओढून काढला.

"आईची फाइल कुठाय?"

"आहे की..."

"रंग वेगळा काढून पाहिलाय मी."

त्याचा चेहराच उतरला. "जागा नव्हती गं. ते जाहिरातीचं काम आलं होतं ना, अचानक."

"मग पुसली असं सांगायचंस! चार शिव्या घातल्या असत्या आणि गप्प बसले असते. फुगवून कशाला ठेवलीस?"

"तू चिडली असतीस."

"आणि शपथ?"

त्याने माझ्या हातातून हेडफोन काढून घेतला. मग म्हणाला, "डोळ्याला कळत नाही, ताई. तूच तर शिकवलंस."

जाहिरातवाल्यांनी फसवलं असतं तर मी त्यांचं दार डोक्यावर घेतलं असतं. हा माझा भाऊ. माझ्याच हाताखाली शिकून त्याने माझ्याच डोळ्यांचा हिशेब मांडला होता, हिला कितपत दिसेल याचा. तो हिशेब माझ्या जिव्हारी लागला.

मावशी दारात येऊन उभी होती. सुईत लाल धागा ओवलेला, हातात हिरवं कापड. तिला फाइलीतलं काही कळलं नव्हतं, पण बाकीचं सगळं कळलं होतं.

"बाळ्या," ती शांतपणे म्हणाली, "तू तर लहानपणी दिवसभर तिच्या मांडीला चिकटून असायचास. आठव बरं. लाल आधी वरून जायचा की खालून?"

"वरून," तो लगेच म्हणाला. "वरूनच, मावशी. आईशप्पथ."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग सुईतून धागा ओढून काढला आणि रिळाला गुंडाळून ठेवला.