बाहेरच्या भिंतीवरची चित्रे

मित्रांनो, माझ्या खांबाला जाड दोर बांधला होता आणि त्याचे दुसरे टोक ट्रॅक्टरला. मी थायलंडच्या इसान भागातल्या भातशेतांमधला एक जुना, बुटका बुद्धविहार आहे. त्या सकाळी मला वाटले, आपली घटका भरली.

मला गावकऱ्यांनी बांधले. त्यांनीच विटा भाजल्या, त्यांनीच लाकूड वाहिले. आमच्याकडे बायकांना माझ्या आत यायची मनाई. म्हणून चित्रकाराने दानशूर राजा वेस्सन्तराची जातककथा माझ्या बाहेरच्या भिंतींवर रंगवली. पावसाने ती भिजू नये म्हणून माझे छप्पर चांगले खालपर्यंत ओढून घेतले. कथेच्या कडेला त्याने गावातल्याच बाया काढल्या, मासे धरताना. लोक कौतुकाने बघत. पुढे कौले फुटली, वटवाघळे आली, पण डागडुजीला कोणी फिरकेना. जुने दुरुस्त करण्यापेक्षा नवे बांधण्यात जास्त पुण्य, असे आमच्या लोकांच्या मनात पक्के बसलेले! मला त्याचा राग येई, अजूनही येतो. शेवटी मला पाडून माझ्याच जागी नवा विहार बांधायचे ठरले.

मुखिया थोंगसुक ट्रॅक्टरवर चढला, तशी बुआला नावाची त्याची मावशी माझ्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

“मावशी, बाजूला हो. चिरडशील.”

“चिरडू दे. इथं माझी आई आहे, जाळं घेऊन.”

“अगं, नव्या विहारात याहून झकास चित्रं काढणार आहोत. सोनेरी!”

“कुठं?”

“आत. सगळ्या भिंतींवर.”

“आणि मला आत घेशील?”

थोंगसुकने नजर चुकवून गिअरकडे हात नेला. इंजिन धडधडत होते, दोर ताणला होता, माझ्या गिलाव्याचे पोपडे तिच्या खांद्यावर पडत होते.

“बोल की! आता का दातखीळ बसली?”

भिक्खूंना वाढायला चिकट भात घेऊन आलेल्या बायकांनी हे ऐकले. एकेक करून त्या तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. एकीने भाताच्या टोपलीवर झाकण दाबले.

“उद्यापासून भिक्षापात्रात विटाच वाढा, थोंगसुकभाऊ!”

विहाराचे प्रमुख भिक्खू, वृद्ध भन्ते, कडेला उभे होते; थोंगसुकने त्यांच्याकडे पाहिले. भन्ते पुढे आले. त्यांनी हात वर करताच इंजिन थांबले, आणि ते स्वतःच दोराची गाठ सोडू लागले.

“नवा विहार चिंचेपलीकडे बांधा,” ते म्हणाले. “याला हात लावू नका.”

मी अजून उभा आहे. छप्पर गळते, खालच्या चित्रांना ओल लागली आहे. मित्रांनो, तुमच्या गावातली एखादी जुनी वास्तू पाडायची ठरली, तर नुसते आत बसणाऱ्यांना विचारू नका. मला त्या बायांनी वाचवले, ज्यांनी माझ्या आत एकदाही पाऊल टाकलेले नाही.