दोन बोटं खाली

मी एक जुना शब्द आहे. मित्रांनो, शब्दाला कसलं आलंय आत्मवृत्त, असं म्हणून नाक मुरडू नका. माझं नाव येन. पुठ्ठा निखळलेल्या एका जाडजूड इंग्रजी कोशात मी राहतो. माझा अर्थ अनावर इच्छा. तुमच्या भाषेत माझी सख्खी शोभावी अशी एक बहीण आहे, तलफ.

मी जन्मानं इंग्रजी नाही. पूर्वेकडच्या एका समुद्रकाठच्या बोलीत माझा जन्म झाला. अफू ओढणाऱ्याला वेळेवर अफू मिळाली नाही, की तो कासावीस होई, त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागे. त्या ओढीला माझं नाव होतं. कुणी म्हणतात, धूर या अर्थाचा एक शब्दही माझ्यात मिसळला. असेलही, वाढलो तर मी धुरातच. पोटासाठी परदेशी निघालेल्या मजुरांच्या तोंडून मी समुद्र ओलांडला आणि इंग्रजीत शिरलो. तिथे मला न्हाऊमाखू घालून सभ्य केलं. गोड खावंसं वाटलं, फिरायला जावंसं वाटलं, तरी लोक हसत हसत माझं नाव घेऊ लागले. मलाही ते आवडलं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि शब्द काही लवकर मरत नाहीत.

कोशात माझ्या डोक्यावर माझाच एक नावबंधू राहतो. तोही येन, पण तो एका देशाचं चलन. 'गोल' या अर्थाच्या शब्दातून तो आला. आमचं नातं काही नाही, नुसता शेजार. तो वर, मी दोन बोटं खाली.

कोश मामांचा. इंग्रजीचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले मामा भाचीकडे राहत. भाची घरीच पडदे शिवायची. चहाची वेळ टळली, की मामा कपाळ धरून बसत. "अगं, तलफ आलीय! चहा टाक, नाहीतर मामा गेला समज." दिवसातून दहादा माझ्या बहिणीचं नाव घेणारा हा माणूस मला ओळखणार नाही, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

भाचीचा धाकटा भाऊ दूरच्या शहरात एका हॉटेलच्या धुलाईखान्यात होता. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून त्याची पाठ गेली आणि डॉक्टरांनी थोडे दिवस गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. त्या गोळ्या माझ्या माहेरच्या अफूच्याच कुळातल्या. भाचीनं, म्हणजे त्याच्या ताईनं, त्याला घरी आणलं, त्याच्या उशाशी बसून त्याला त्यातून सोडवलं. आता तो पुन्हा कामावर गेला होता. खोलीत सोबतीला जहाजावरचा एक म्हातारा स्वयंपाकी होता. त्याला तुमची भाषा येत नसे, तो जुन्या वळणाचं इंग्रजी बोले.

एका सकाळी त्या स्वयंपाक्याचा निरोप ताईच्या फोनवर आला. तिनं फोन मामांपुढे धरला. मामांनी मोठ्यानं वाचलं, "ही हॅज अ येन अगेन. प्लीज कम."

"म्हणजे काय हो, मामा?"

मामांनी कोश उघडला. त्यांचं बोट माझ्या दिशेनं आलं आणि माझ्या शेजाऱ्यावर थांबलं. "चलन! अगं, पोराच्या हाती पुन्हा पैसा आलाय. भेटायला बोलावतोय."

"पण मध्ये ते 'अ' कशाला?"

"त्या स्वयंपाक्याचं इंग्रजी कच्चं आहे गं. उगाच घातलाय."

मी दोन बोटं खाली तळमळत होतो. पण शब्दाला स्वतःहून बोलता येत नाही, कुणीतरी उच्चारावा लागतो. मामांनी कोश मिटला आणि झोकात उत्तर लिहिलं, "व्हेरी गुड! लेट हिम एन्जॉय." मग त्यांनी चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी ताईनं हौसेनं भावाला फोन लावला. "पैसे मिळाले म्हणे?"

"कसले पैसे गं, ताई?" तो हसला. ते लांबलेलं हसू तिनं गोळ्यांच्या दिवसांत ऐकलं होतं.

"मामा, त्याची जीभ जड झालीय. तो शब्द पुन्हा बघा."

मामा वाचत गेले. बोट शेजाऱ्यावरून खाली घसरलं आणि माझ्यावर येऊन थांबलं. "अगं... तलफ," ते म्हणाले. "तलफ आलीय त्याला. आणि मी लिहिलं, मजा करू दे."

ती दोघं नेसत्या कपड्यांनिशी निघाली. मी टेबलावर उघडाच राहिलो. अर्धा शिवलेला पडदा मशीनवर लोंबत होता. घर इतकं गप्प होतं, की मला माझ्याच नावाची भीती वाटली.

दवाखान्यातून त्याला घरी आणलं, तेव्हा त्याचे गाल बसले होते. न्हाणीघरात तो निपचित पडलेला स्वयंपाक्याला दिसला, म्हणून वाचला. आल्या दिवशी तो ताईला म्हणाला, "स्वयंपाकी काकांनी तुमचं उत्तर दाखवलं मला. वाटलं, तुम्हीही हात टेकलेत. मग थांबू कुणासाठी?" मामा भिंतीकडे तोंड करून रडले. आता ते तलफ हा शब्द उच्चारत नाहीत. नुसतं "चहा देतेस?" म्हणतात.

मित्रांनो, शब्द जपायचे म्हणजे कोशाला कव्हर घालायचं, एवढंच नव्हे. पहिला अर्थ सोयीचा असतो, म्हणून त्यावर थांबू नका. कृपा करून दोन बोटं खाली बघा. तिथे कुणीतरी बुडत असेल.

कारण माझी खोड गेलेली नाही. दुपारी मामा पडले, की धाकटा हळूच कोश उघडतो. त्याचं बोट शेजाऱ्यावर थांबत नाही, सरळ माझ्यावर येतं आणि तिथेच राहतं. ते गरम असतं. तो मला वाचत नाही, मित्रांनो. तो मला ऐकतो.

"काय बघतोस रे?" ताई मशीनवरून विचारते.

"काही नाही."

मशीन थांबतं. ताई उठते, त्याच्या शेजारी येऊन बसते आणि विचारते, "काही नाही म्हणजे काय?"