बाळाच्या उशीखालची कैची

अवं हसू नका, आधी आयका. मांगच्या आठवड्यात आमच्या घरी काय झालं थे सांगते.

आमची शीलाताई बाळंतपनाले राळेगावले आली हाये ना. थे शिवनकाम करते, माहीतच हाये तुमाले. तिची कापड कापाची मोठी कैची मायनं बाळाच्या उशीखाली ठेवली. लोखंड पाह्यजे म्हने, सव्वा महिना हलवाचं नाही, नाहीतं बाहेरचं लागते. आता बाळ काय, सारा दिवस मुतते! कैचीले जंग चढला. ताईनं काढून पाह्यली तं कापड कापाच्या जागी चावत होती. ताई रडालेच आली.

नेमका तवाच धारवाला युनूसभाई गल्लीत आला. माय दळन आनाले गेलती. ताई म्हने, "पय वं खुशी, माय घरी याच्या आत धार लावून आन!"

"अन् बाळाले काही झालं तं?"

"तं काय, भूत दारात टपून बसलं हाये? पय!"

मी गेली खरी, पन जीव सारा घरात. युनूसभाई आपला सावकाश. पात्याची बाहेरचीच बाजू चाकावर धरे, आतल्या सपाट अंगाले हात नाही. "आतून घासली तं दोन पाते एकमेकाले भेटनार नाही, बेटा," म्हने. मंग स्क्रूवर तेलाचा थेंब. मंग ओल्या मलमलवर टोक चालवलं. तुकडा खाली पडला, आवाजबी नाही.

"फडक्यात गुंडाळून ने. आता हे कापते तं कळत नाही."

तेवढ्यात घरातून बाळाचं भोकाड. अन् त्याच्या मांगोमांग मायचाबी आवाज, दळन घेऊन आली वाटते, "कैची कुठी हाये वं!"

मी कायचं फडकं गुंडाळते! पयत सुटली. घरात बाळ रडून रडून काळंनिळं, माय मीठ-मोहऱ्या उतरवून राह्यली. तिनं माह्या हातातून कैची हिसकली अन् सरळ उशीखाली सरकवली. "पाह्य, लोखंड हटलं अन् पोराले लागलं!"

"माय, तिले आता धार..."

"चूप बस!"

बाळ हात झाडून राह्यलं होतं. एक हात उशीखाली गेला. मी झटकन त्याले उचललं, अन् त्याच्या झबल्यावर रक्त!

ताई किंचाळली. आम्ही झबलं काढलं, एकेक बोट उलगडून पाह्यलं, मान, कान, पाठ. कुठीच काही नाही. अन् रक्त तं लागूनच राह्यलं. पोटावर, दुपट्यावर, जिथं पाहो तिथं.

"खुशी," ताई म्हने, "तुया हात तं पाह्य."

तळवा चिरलेला, अंगठ्याच्या बुडापासून. कवा कापलं, मले पत्ताच नाही, बापा!

मायनं कैची दोन बोटानं उशीखालून ओढली, फडक्यात बांधून ताईच्या हातात देली. मंग आपल्या बटव्यातला जुना अडकित्ता काढला. त्याच्यावर अंगठा घासून घासून पाह्यला. त्याची धार कवाचीच गेलती. थो ठेवला उशीखाली.

"हेबी लोखंडच हाये," म्हने.

बाळ तं नवीन झबलं घालताच झोपलं. पन मी आता त्याले घ्याच्या आधी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाह्यते.