जोडीतली उरलेली टिपरी

मी एक टिपरी बोलतेय. हसू नका. एकट्या टिपरीला आवाज नसतो हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर आज शब्दांत बोलायची वेळ आली.

आम्ही दोघी होतो. समुद्राकाठच्या हामासे गावात गेनपाची त्सुगावा नावाचा पहारेकरी होता. त्याने ओकच्या एकाच फांदीतून आम्हाला कापलं, चौकोनी तासलं आणि एका दोरीने बांधलं. हिवाळ्यात दिवस कलला की तो आम्हाला एकमेकींवर ठोकत आळीआळीतून फिरायचा. "आगीपासून जपा!" सावकाश ठोके म्हणजे चूल सांभाळा. भरभर ठोके म्हणजे आग लागली, पळा. आणि आग लागलीच, तर शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत ठोके थांबवायचे नाहीत. हे त्याने आपल्या मुलीला, ओरिएला, भात खायला शिकवण्याआधी शिकवलं असेल.

लाकडाची घरं, गवताची छपरं. डोंगराकडचा कोरडा वारा सुटला की गावात चूल पेटतच नसे. सगळे गार भात खात.

हामासेला ऐकायची सवय मात्र जरा जास्तच होती. पंगतीत वडीलधारा उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही. पाय सुन्न होवोत, मूल रडो, गुडघे मुडपून बसून राहायचं. ओरिए एकदा मध्येच उठली. आळीचे प्रमुख तोकुबेई यांनी तिला सगळ्यांदेखत पुन्हा खाली बसवलं. ती बसली, पण बापाच्या कमरेला लटकून मी तिची नजर पाहिली. ती नजर बसली नव्हती.

बाप गेल्यावर तिने आम्हाला मागून घेतलं.

"बाईच्या हाती या टिपऱ्या गेल्या की गावाला आग लागते," तोकुबेई म्हणाले.

"मग पाणी भरून ठेवा, आजोबा," ओरिए म्हणाली. "मी तोक्योला चालले. कविता लिहिणार आहे."

"कवितेवर भात शिजतो का गं?"

"तुमच्या चुलीवर तरी कुठे शिजतो? अर्धं वर्ष विझलेलीच असते."

तोक्योत ती एका दमट खोलीत राहायची. कविता सुचू लागली की आम्हाला हळू ठोकत ओळी म्हणायची. ठोका चुकला की ओळ खोडायची. तिच्या कवितांत एकच गाव होतं. ते बसलेलं असायचं आणि त्याच्या पाठीमागे काहीतरी जळत असायचं. पुस्तक निघालं, नाव झालं. मग तिने नदीकाठी तंबू ठोकून नाटकं केली. पडदा उघडण्याआधी ती आम्हाला भरभर ठोकायची. पहिल्यांदा मी दचकले. हा तर आगीचा ठोका! पण प्रेक्षक पळाले नाहीत. ते सरसावून बसले. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं.

मग तिला सिनेमाने धरलं. आपल्याच गावाची गोष्ट घेऊन ती हामासेला परतली. गोष्ट अशी, की पंगत बसलीय, मागे आग लागलीय, पहारेकऱ्याची वेडी पोर ओरडतेय, आणि प्रमुख उठत नाहीत म्हणून कुणीच उठत नाही. वेडी पोर ती स्वतः होणार होती. पंगतीला गावातली खरी माणसं. पडद्यावर चेहरा दिसणार म्हटल्यावर तोकुबेईंनी दाढी केली, ठेवणीतला किमोनो काढला.

"जन्मभर बसूनच तर आहोत," मासळीवाली ओसेन म्हणाली. "त्यात नाटक ते काय करायचं?"

किनाऱ्यावर, मासेमारीची जाळी ठेवायच्या गवताने शाकारलेल्या जुन्या कोठारात पंगत मांडली. मागे, जरा लांब, धुरासाठी पेंढ्या रचल्या. ओरिए समोर, कॅमेऱ्याशेजारी उभी राहिली. या वेळी फक्त पंगतीचे चेहरे टिपायचे होते; तिचं ओरडणं आणि आमचे ठोके नुसते ऐकू येणार होते.

"नीट ऐका. टिपऱ्या वाजतायत तोवर कुणी हलायचं नाही. मी ओरडेन, रडेन, शिव्या देईन, तरी नाही. टिपऱ्या थांबल्या की उठा."

तोकुबेईंनी वर पाहिलं. "पोरी, आज डोंगराकडचा वारा आहे. गावात चूल पेटलेली नाही. उद्या कर ना."

"आजोबा, तुमच्या 'उद्या'मध्येच माझं लहानपण गेलं."

म्हातारा हसला. "बरं बाई. आज प्रमुख तू."

तो शब्द ऐकून माझ्या लाकडात तडा गेल्यासारखं वाटलं. तिला काहीच वाटलं नाही. ती खूश होती.

पेंढ्या पेटल्या. आम्ही भरभर वाजू लागलो. वाऱ्याने एक जळता झुबका उचलला आणि पंगतीमागच्या छपराच्या कडेत नेऊन खोचला. बसलेल्यांची पाठ तिकडे होती. ओरिएला मात्र समोरच दिसलं.

"आग! खरी आग! उठा, अरे उठा!"

कुणी हललं नाही. तेच शब्द तर गोष्टीत होते.

"आज काय सुंदर रडतेय बघ पोरगी," ओसेन ओठ न हलवता पुटपुटली.

ओरिए आणखी जोरात ठोकू लागली. बापाने शिकवलं होतं ना, शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. आणि ती ठोकत होती तोवर एकही माणूस बाहेर येणार नव्हता. आम्ही ठोक्याठोक्याला त्यांना जागेवर खिळवत होतो. तोकुबेईंना कळलं होतं. मानेला चटके बसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. पण शब्द दिला होता, आणि आज प्रमुख ती होती.

त्या डोळ्यांकडे पाहताना ओरिएला उमजलं. तिने दोरी दातांनी तोडली आणि माझ्या बहिणीला आगीत भिरकावलं.

शांतता.

तोकुबेई उठले. ते उठले म्हणून सगळे उठले आणि धावत सुटले. पण इतका वेळ मुडपलेले म्हाताऱ्याचे पाय सुन्न झाले होते. ते तिथेच कोसळले. ओरिए मला मुठीत धरून आत धावली. ती पोचायच्या आधी छप्पर खाली आलं.

तिचे हात भाजले, पण ती जगली. सिनेमा दुसऱ्यांनी जोडून पुरा केला. लोक म्हणतात, पंगतीच्या त्या प्रसंगासारखा अभिनय पुन्हा झाला नाही. ओरिएने तो कधी पाहिला नाही. कविताही पुन्हा लिहिली नाही.

ती गेल्यावर गावाने तिचं स्मृतिदालन बांधलं. मी तिथे काचेच्या पेटीत आहे. शेजारच्या पडद्यावर तो प्रसंग रोज दाखवतात. सहलीला आलेली मंडळी चटईवर गुडघे मुडपून बसतात. दालनातल्या बाई गोड आवाजात बजावतात, "चित्रपट संपेपर्यंत कुणी उठायचं नाही हं."

आज डोंगराकडचा वारा सुटलाय. माझ्या पेटीमागच्या भिंतीत एक तार सकाळपासून तडतडतेय. जळका वास येतोय. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने नाक फेंदारून वास घेतला, मागे पाहिलं, आणि बाईंची नजर पडताच पुन्हा समोर बघत बसली. पडद्यावर आम्ही दोघी भरभर वाजतोय.

माझी जोडीदार राख झाली. मी तुम्हाला हाक मारू शकत नाही. तेव्हा कुणाच्या सांगण्याची, काही थांबण्याची वाट बघू नका. वास आलाय ना तुम्हाला? मग उठा.