तिसरा वॉल्व

नेमबाजीच्या क्लबात मागच्या बाजूला हवा भरायची एक खोली होती. खोलीला नाव नव्हतं, तिथल्या बाईंना होतं. लहानथोर सगळे त्यांना हवाबाई म्हणत. एअर रायफलला लागणारी हवा म्हणजे सायकलच्या चाकातली हवा नव्हे. तिच्या पन्नास-साठ पट दाबाची. ती आधी हातभर लांबीच्या टाकीत कोंडायची आणि मग टाकीतून बंदुकीत घ्यायची. हवाबाईंनी हे काम एकतीस वर्षं केलं होतं, त्यातली पहिली नऊ नवऱ्याच्या हाताखाली.

त्या नऊ वर्षांतलं एक भोक अजून समोरच्या भिंतीत होतं. एका टाकीच्या वॉल्वची रबरी रिंग आतून फाटली होती, बारीक सूं असा आवाज येत होता, आणि नवरा तेवढ्यात कुणाशी तरी बोलण्यात गुंतला होता. वॉल्व सुटला तो नवराबायकोच्या डोक्यांच्या मधून भिंतीत घुसला. नवऱ्याने ते भोक कधी बुजवू दिलं नाही. उलट दारावर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली : ‘ऐकल्याशिवाय टाकी सोडू नये.’ नवरा गेला, पाटीवरचा रंग दोनदा नव्याने दिला गेला, नियम तोच राहिला.

आणि गेले आठ महिने हवाबाईंना ऐकू येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. माणसं बोलत ते कळायचं, दार आपटलेलं कळायचं. पण बारीक आवाज एकेक करून निघून गेले होते, पाहुणे न सांगता निघून जावेत तसे. आधी पहाटेची पाखरं गेली, मग घड्याळाची टिकटिक, आणि शेवटी ती सूं. हवाबाईंनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. टाकीवर वाकायचं, कान लावायचा, मान हलवायची, हे सगळं त्या पूर्वीसारखंच करत. रोज संध्याकाळी घरी जाताना मात्र पाय ओढत जात. काम तेवढंच होतं, पण खोटेपणाचं ओझं फार दमवतं. ही खोली सुटली तर दिवसभर करायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यात धाकट्या जाऊबाई. दोघींचेही नवरे गेलेले, घर एक, चूल एक. गेलं दीड वर्ष ही जाऊ विणकामाची पिशवी घेऊन रोज खोलीत येऊन बसायची. घरी करमत नाही म्हणायची. स्टूल टाकायची ते नेमकं टाक्यांच्या शेजारी. हवाबाईंनी दोन-तीनदा ऐकवलं होतं, की अगं, माझ्या मानगुटीवर बसण्यापेक्षा बाहेर उन्हात बस. ती हूं म्हणायची आणि पुढची ओळ विणायला घ्यायची.

आता क्लबाने बावीस टाक्यांचे जुने वॉल्व बदलायचं ठरवलं होतं. सेक्रेटरी म्हणाले होते, हवाबाई ज्यावर बोट ठेवतील तो घेऊ. त्याप्रमाणे दुपारी एक विक्रेता तीन नमुने घेऊन आला. माणूस तोंडाचा गोड होता. आल्या आल्या मावशी म्हणाला.

‘‘मावशी नको,’’ हवाबाई म्हणाल्या, ‘‘भाच्याने आणलं तरी मी स्वस्तातलं काही घेत नाही.’’

पहिला वॉल्व त्यांनी हातात घेतला आणि नाकाशी नेला. त्यांनी तो लगेच परत ठेवला. मशीनच्या तेलाचा वास येत होता. एवढ्या दाबाच्या हवेत तेलाचा थेंबही पेट घेतो, हे विक्रेत्याला ठाऊक असायला हवं होतं. तो म्हणाला, पुसून देतो. त्या म्हणाल्या, आटे पुसशील, आतलं कोण पुसणार?

दुसऱ्याला खटका होता. अर्धा फिरवला की पूर्ण उघडायचा. वेळ वाचतो, विक्रेत्याने सांगितलं. हवाबाईंनी खटका दोनदा फिरवून पाहिला. हवा अशी एकदम सोडली की टाकी तापते, मीटरचा काटा उडी मारतो आणि मग बसतो, आणि भरली असं वाटलेली टाकी थंड झाल्यावर कमी भरलेली निघते. लाथेने दार उघडणाऱ्याला घरात घेऊ नये, एवढंच बोलून त्यांनी तोही बाजूला सारला.

तिसरा मात्र हातात घेताच त्यांना आवडला. मूठ मोठी, चार फेऱ्यांत सावकाश उघडणारी. मीटर समोर बघणारं, आकडे ठसठशीत. भरून झाल्यावर नळीत अडकलेली हवा सोडायला वेगळा छोटा स्क्रू. रिंगा घरच्या घरी बदलता येतील अशा. त्यांनी तो रिकाम्या टाकीवर बसवला, हवेच्या मशीनची नळी जोडली आणि हळूहळू दोनशेपर्यंत हवा घेतली. मग मोठी मूठ फिरवून बंद केली, वाकल्या, कान लावला. सवयीने डोळेही मिटले.

‘‘हाच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बावीस लिहून घे.’’

डोळे उघडले तेव्हा खोलीत काहीतरी बदललं होतं. विक्रेता कागद काढत होता, पण त्याची नजर एकदा वॉल्वकडे जाऊन चोरट्यासारखी परत आली. जावेच्या सुया थांबल्या होत्या. दीड वर्षात ओळ अर्धी सोडून तिच्या सुया कधी थांबल्या नव्हत्या. ती वॉल्वकडे बघत नव्हती. ती हवाबाईंकडे बघत होती, आणि तोंड घट्ट मिटून बसली होती.

हवाबाईंनी पुन्हा कान लावला. काही नाही. पलीकडे भिंतीतलं भोक तेवढं दिसत होतं.

विक्रेत्याने पेन पुढे केलं. सही केली असती तर जाऊ परक्या माणसासमोर बोलली नसती. तिचा तो स्वभाव नव्हता. घरी गेल्यावरही कदाचित बोलली नसती. हवाबाईंनी पेन घेतलं नाही. त्या बाकावर टेकल्या. गुडघे दुखत होते, आणि दुखतात हे कबूल करायलाही आज बरं वाटलं.

‘‘अगं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘साबणाचं पाणी आण.’’

साबणाच्या पाण्याने गळती शोधणं हे नवशिक्यांसाठी, असं त्याच कित्येकांना म्हणाल्या होत्या. जाऊ उठली. विणकामाच्या पिशवीतून तिने झाकणाची बाटली काढली आणि ब्रश काढला. ब्रश ओला होता. आज सकाळपासून हवाबाईंनी सहा टाक्या भरल्या होत्या आणि दर वेळी हात धुवायला बाहेर गेल्या होत्या.

हवाबाईंनी ब्रश बोटाने चाचपला. मग म्हणाल्या, ‘‘किती दिवस?’’

‘‘गेल्या थंडीपासून,’’ जाऊ म्हणाली. ‘‘चहाचं आधण उकळून आटलं तरी तुम्ही शेजारी उभ्याच होतात. दोन गळक्या टाक्या सापडल्या तेवढ्यात. एकीची रिंग मीच बदलून ठेवली, वाकडीतिकडी. तुम्हाला कळलं नाही.’’

‘‘कळलं होतं. मला वाटलं, माझाच हात बिघडला.’’

जावेने वॉल्वला साबण लावला. छोट्या स्क्रूपाशी बुडबुडे आले. एक फुगायचा, फुटायचा, दुसरा यायचा. हवाबाईंनी टाकीतली हवा सोडून स्क्रू काढला. रिंगेला नखाएवढी चीर होती. विक्रेत्याने ओशाळून दुसरी रिंग दिली. ती बसवून पुन्हा हवा घेतली, पुन्हा साबण लावला. पाणी नुसतं ओघळून गेलं. वॉल्व हाच, पण प्रत्येक वॉल्वच्या दोन रिंगा जास्त, आणि बावीसच्या बावीस इथे साबण लावून तपासल्यावरच पसंत धरायचे, असं त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि मग सही केली. विक्रेता जाताना मावशी म्हणाला नाही.

सेक्रेटरींना फोन हवाबाईंनी स्वतः केला. वॉल्व ठरल्याचं सांगितलं, आणि त्याच दमात, आपल्याला गळती ऐकू येत नाही हेही सांगितलं. पलीकडचं बोलणं नीट कळेना, म्हणून फोन जावेच्या कानाला दिला. ती बराच वेळ हो हो करत राहिली. फोन ठेवून म्हणाली की त्यांना वाईट वाटलं, पण पाटीचा नियम तो नियम. जिला ऐकू येतं तिनेच टाकीला हात लावायचा. तुम्ही शिकवायला हवे तेवढे दिवस बसा, म्हणाले.

‘‘आणि भरणार कोण?’’

‘‘मी हो म्हटलं,’’ जाऊ म्हणाली. ‘‘पण मला भीती वाटते, जाऊबाई.’’

‘‘वाटू दे. मला अजून वाटते.’’

हवाबाईंनी आपलं स्टूल सरकवून तिला जागा करून दिली. नवरा गेल्यापासून बावीस वर्षांत त्या जागेवर दुसरं कुणी उभं राहिलं नव्हतं. मोठ्या मुठीवर त्यांनी जावेचा हात ठेवला आणि वर आपला.

‘‘हळू. निजलेल्या पोराच्या मानेखालून हात काढतो ना, तसं. थांब. काटा मी बघते.’’

जाऊ डोळे मिटून ऐकत होती. काटा पन्नासवर आला, मग साठवर. हवाबाईंनी आपला हात काढून मांडीवर ठेवला.