थोरलीचं उतरणं

मी बोलतोय, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींच्या कमरपट्ट्यातला एक सेन्सर. काडेपेटीपेक्षाही लहान. मुलगी किती उंच उडाली आणि किती जोरात खाली आली, हे मी संघाच्या फिजिओ मॅडमच्या टॅबवर पाठवतो.

माझी पहिली मालकीण थोरली. घरी धाकटी बहीण होती, म्हणून संघातही सगळे तिला थोरलीच म्हणत. ती नेटपाशी उंच उडून चेंडू हाणायची आणि एकट्या डाव्या पायावर उतरायची. उजवा मागाहून टेकायचा. मॅडम रागवायच्या, "गुडघा जाईल तुझा."

ती हसायची. "वर मी जाते, खालचं तुम्ही बघा."

गुडघा गेला नाही. तापाचं निमित्त झालं आणि थोरलीच गेली.

मी कपाटात पडून राहिलो. मग धाकटी संघात आली आणि तिने हाच पट्टा मागून घेतला. पहिल्याच उडीला मी दचकलो. डावा, मग उजवा. तोच भार, तीच घाई. टॅब बघून मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "चुकून जुनी नोंद तर उघडली नाही ना मी?"

नोंद आजचीच होती.

सरावानंतर त्यांनी धाकटीला बाकावर बसवलं. "हे तुझं उतरणं नाही."

"ताईचे व्हिडिओ बघून शिकले," धाकटी म्हणाली. "आई रोज सोडायला येते, पण आत येत नाही. हॉलच्या पायरीवर डोळे मिटून नुसता माझ्या उतरण्याचा आवाज ऐकत बसते. मी नीट उतरायला लागले तर ताई जाईल, मॅडम."

मॅडमनी टॅब बाजूला ठेवला. "आणि तुझा गुडघा गेला, तर आईने काय ऐकायचं?"

धाकटी नव्याने शिकली. ठोकळ्यावरून खाली, दोन्ही पाय एकदम, गुडघे वाकवून. अंगात मुरलेलं सहजी सुटेना. दमली की थोरली परत यायची. हळूहळू येईनाशी झाली; एके दिवशी सबंध सरावात एकदाही आली नाही. आकडे सुधारले, मॅडम सुखावल्या. मला मात्र थोरलीला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटलं.

त्याच दिवशी हॉलचं दार उघडून आई आत डोकावली. "कोण उड्या मारतंय?"

"मी, आई."

आई तिच्याकडे बघत राहिली, जणू लेक आत्ताच गावाहून आली होती. मग भिंतीशी येऊन बसली. "मार. बघते मी."

आता माझी बॅटरी टिकत नाही. नवा सेन्सर येईल, मला खुशाल टाकून द्या. त्याला एवढंच सांगा: धाकटी कधीकधी हवेत जरा जास्तच वेळ थांबते, कुणीतरी वर धरून ठेवल्यासारखी. तो आकडा बिघाड समजून दुरुस्त करू नकोस.