दोरा बांधलेली फांदी

सून भांडत नाही, हीच सासूबाईंची मोठी तक्रार. भाजी खारट झाली म्हणा, "हो आई." पडदे कधी धुणार विचारा, "धुते आई." अशा माणसाबरोबर संसार करायचा तरी कसा? सगळी गल्ली त्यांना पाठीमागे फौजदार म्हणे. त्या फौजदाराच्या घरात सून पाहुणीसारखी दबून वावरायची, आणि ते त्यांना आतून टोचायचं.

सून बियाण्यांच्या संशोधन केंद्रात कामाला होती. तिथल्या काचघराची दुरुस्ती निघाली, तशी तिने एक कुंडी घरी आणून खिडकीत ठेवली. घेवड्याच्या दोन वेगळ्या प्रजातींचा संकर. वेल फुलांनी नुसता लगडलेला, पण शेंग औषधालाही नाही.

"नुसता नट्टापट्टा," सासूबाई म्हणायच्या. पाणी मात्र त्याच घालायच्या.

एके दिवशी वेलाच्या एका फांदीला त्यांना लाल दोरा दिसला. फांदी होतीच तशी: पानं जाडजूड, सुरकुतलेली, वाढ खुंटलेली. सासूबाईंनी जन्मभर बाग केलेली. छाटायच्या फांदीला आधी दोरा बांधून ठेवायचा, ही त्यांची पद्धत. पोरीला सवड झाली नसेल, असं म्हणत त्यांनी कात्री आणली आणि फांदी बुडापासून उडवली. तेवढाच सुनेला हातभार.

संध्याकाळी सून खिडकीशी आली आणि तिथेच थिजली.

"मीच छाटली," सासूबाई ऐटीत म्हणाल्या.

"असू दे आई," म्हणत ती कापलेल्या जागेवरून बोट फिरवत राहिली.

"असू दे काय? काय झालं ते नीट सांग की!"

"परागकण तयार होताना पेशीतली गुणसूत्रं जोडीजोडीने उभी राहतात, आई. दोऱ्याच्या तुकड्यांसारखी असतात ती. ह्या वेलात अर्धी एका घेवड्याची, अर्धी दुसऱ्याची. एकमेकांना ओळखतच नाहीत. जोड्या जमत नाहीत, पराग पोकळ निघतात. मग शेंग कुठून धरणार?"

"मग?"

"मग शेंड्याला औषध लावायचं. लागू पडलं तर प्रत्येक गुणसूत्राची दोन होतात, ज्याला त्याला आपल्यासारखाच जोडीदार मिळतो. पानं जाड झाली की समजायचं, लागू पडलं. केंद्रातल्या एवढ्या वेलांत ह्या एकाच फांदीला लागू पडलं होतं. म्हणून दोरा बांधला."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "अगं, पण दोरा म्हणजे छाटायची!"

"दोरा म्हणजे हात लावायचा नाही!" सून कडाडली. "एकदा विचारायचं तरी! घर तुमचं, कात्री तुमची, मी काय फक्त हो म्हणायला आहे इथे?"

समोरच्या घराची खिडकी उघडली. सुनेला हुंदका फुटला.

सासूबाई ओल्या कचऱ्याच्या बादलीशी गेल्या. सालपटांतून त्यांनी फांदी उपसून काढली, एकेक पान बोटांनी पुसलं.

"नुसत्या फांदीवरून मूळ धरतो का गं हा वेल?"

सुनेने देठ दाबून पाहिला. "अजून ताठ आहे. धरेलही."

दोघींनी मिळून ओल्या वाळूत फांदी खोचली. वरून काचेची बरणी उपडी घातली.

"ओरडले मी," सून पुटपुटली. "चुकलं माझं."

"फांदी कापली ते माझं चुकलं," सासूबाई म्हणाल्या. "पण इतके दिवस ओठ शिवून बसलीस, तो गुन्हा तुझा. आई म्हणतेस ना मला? मग आईवर ओरडतात तसं ओरडत जा."